सुंदराबाईचं हिरवं बटन

...आन वरून मलेच इचारते, तुमाले सांगतो, हा आमचा ललित मलेच इचारते, "भाऊ, 'थोडंसं' म्हनजे किती असते?" आता जेवाच्या सुट्टीत भाकरीचा घास हातात धरून बसलेल्या मानसाले हे इचाराची गोष्ट हाय काय?

पन त्याचंही चुकत नाई. त्याची माय सुंदराबाई तिकडं हिवरखेडले एकटी, आन हा अकोल्याले, आमच्या हापिसात, माह्या बाजूच्या टेबलावर. दोनेक महिन्यांआंधी काय झालं, तं मायनं बीपीची गोळी घेतली, मंग घेतली का नाई हेच इसरली, म्हून अजून एक घेतली, आन आंगनात चक्कर येऊन पडली. शेजारच्या पार्बताबाईनं पायलं म्हून निभावलं. तवापासून ललितच्या जीवाले घोर. अकोल्याले चाल म्हनलं तं माय येत नाई, याले नोकरी सोडता येत नाई. मंग कोनीतरी त्याले सांगतलं, आता प्रोग्राम लिहाले शिका लागत नाई, कम्प्युटरात एआयचा एजंट असते, त्याले आपल्या भाषेत सांगायचं, तो ॲप बनवून देते. मले वाटलं विम्यावाला एजंट. तो असता तं परवडला असता हो, निदान घरी येऊन पाहून तं गेला असता.

ॲप काय, तं एवढंच. मायच्या मोबाईलवर एक हिरवं बटन, 'गोळी घेतली'. तिनं दाबलं का इकडं ललितले समजते. अर्ध्या घंट्यात तयार. यानं लिंक धाडली, मायले फोन लावला, आई, बटन दिसते काय? "दिसते ना बाप्पा, पन खालतून कापलं हाय." यानं एजंटले लिहिलं, खालून कापल्या जाते. तो म्हने, "आपलं निरीक्षण अगदी योग्य आहे. दुरुस्ती केली आहे." मायले फोन. "आता पुरं हाय, पन वर जाऊन घड्याळाच्या मांगं लपलं." लिहिलं. "आपलं निरीक्षण अगदी योग्य आहे." आरे, काय योग्य हाय? तुले दिसते काय तरी? तो आपला लग्नाच्या पत्रिकेसारखा गोड बोलते, आन काम पाहा तं...

बरं, कारखाना कसा चालला ते पाहा. पाहनारी माय, मोतीबिंदूचं आप्रेशन झालेली, तिकडं हिवरखेडले. लिहिनारा ललित, इकडं अकोल्याले. आन करनारा तो, ज्यानं मायही पायली नाई आन तिचा मोबाईलही पायला नाई. माय म्हने, "इकडं घे थोडंसं." "इकडं म्हनजे कोठी, आई?" "हे काय, माह्या बोटापाशी." आता फोनवरून बोट कसं दिसावं, सांगा. ललितनं लिहिलं, थोडं उजवीकडे. एजंट इचारते, किती पिक्सेल? पिक्सेल म्हनजे स्क्रीनवरचा बारीकसा ठिपका. हे सुंदराबाईले इचारायचं? पन इचारलं यानं. माय म्हने, "दोन जवारीचे दाने." आन हा इतका टेकीले आलता का यानं खरंच लिहून देल्लं, ज्वारीचे दोन दाणे. "आपलं निरीक्षण अगदी योग्य आहे," म्हने, "बटन आठ मिलिमीटर सरकवलं आहे." सरकलं. पार स्क्रीनच्या बाहेर.

मंग यानं पार्बताबाईले फोन लावला. काकू, तुमच्या मोबाईलनं आईच्या मोबाईलचा फोटो काढा, आन बटन जेथी पायजे तेथी आईले बोट ठेवाले सांगा. बिचारीनं काढला. ललितनं तो एजंटले देल्ला, मले म्हने, भाऊ, आता तं त्याले दिसनच. एजंट म्हने, "आपलं निरीक्षण अगदी योग्य आहे. चित्रात दाखवल्याप्रमाणे बोटाचा समावेश केला आहे." दहा मिनिटांनी मायचा फोन. "ललित, हे कोनाचं बोट हाय रे माह्या मोबाईलमंदी? पुसून पायलं, निंगत नाई."

बोट काढाले दोन दिवस गेले. पुढं रोज दहा वाजता, हापिसात टेकला का याचा मायले फोन. आन मायचं रोज एकच, "जराक डाव्या अंगाले हाय." रोज लिहायचं, रोज तो म्हननार, "आपलं निरीक्षण अगदी योग्य आहे, बटन मधोमधच आहे." याचं जेवन गेलं, झोप गेली. शेवटी मागच्या रविवारी एसटी धरून सरळ हिवरखेडले गेला.

मायचा मोबाईल हातात घेतला, तं बटन बरोबर मधात. मोठं, हिरवं, कोठी कापलं नाई, काई नाई.

"आई, हे तं बरोबर हाय."

माय लसून सोलत होती. तिनं मान वर केली नाई. पार्बताबाई दारातूनच म्हने, "दोन हप्ते झाले ना त्याले. मले दाखवलं होतं तिनं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू फोन केला असता काय?" माय म्हने. "आंधी पंधरा दिवसातून एकडाव करे. आता रोज येते. तुहा फोन आला का मी गोळी घेतो, इसरत नाई."

ललितले तं आता एजंटवरही खेकसता येईना. तो या डावाले खरंच बरोबर होता.

सोमवारी दहा वाजता, माह्यासमोर, त्यानं फोन लावला. आई, आज कसं दिसते बटन? पलीकडून म्हने, "जराक डाव्या अंगाले हाय."

ललितनं कम्प्युटर सुरूही केला नाई.

"बरं," म्हने, "सांगतो त्याले. गोळी घेतली ना?"