उपळेकरांच्या घरात गोळी नाही

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. पेटीवाले बाबूकाका, तुम्हीही ऐका, नुसता सूर धरून डोळे मिटू नका!

जो माणूस गावभर शहाणपण वाटत फिरतो, त्याच्या स्वतःच्या घरी त्यातलं किती पोचतं?

उत्तर देऊ नका. उत्तर सगळ्यांना येतंय. काहींच्या सौभाग्यवती तर आत्ताच हसल्या — तिकडे, खांबापाशी!

तर ऐका. एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, पुढच्या रांगेत त्या गावचे जावई बसलेत. तिथे सदानंद उपळेकर नावाचे एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यात नोकरी, वय छप्पन्न, स्वभाव टापटिपीचा. या उपळेकरांना एकदा साक्षात्कार झाला. देवाचा? छे हो! पोटाचा!

झालं असं, की त्यांना जळजळ व्हायची. बरीच वर्षं. मग कुणाच्या सांगण्यावरून निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस राहून आले, आणि परत आले ते गुरू होऊनच! दर रविवारी सकाळी दत्तमंदिराच्या सभागृहात वर्ग सुरू केला — ‘पोट, मन आणि पन्नाशी’. साठ-साठ माणसं सतरंजीवर. एकेक घास बत्तीस वेळा चावा. जेवताना बोलू नका. दिवेलागणीच्या आत जेवण उरका. ताण आला की आधी श्वास बघा, मग माणूस बघा. आणि सातवा पाठ होता पन्नाशीतल्या स्त्रीचा! फळ्यावर खडूनं आकृती काढून सांगायचे — “या वयात शरीरातले रस बदलतात. अंगाची आग होते, झोप उडते, चिडचिड होते. घरच्यांनी अशा वेळी तिला समजून घ्यावं.” बायका पदरानं डोळे पुसायच्या हो!

आता तुम्हाला वाटेल, बुवा टिंगल करतायत. नाही! त्यांचं सांगणं चुकीचं नव्हतं, पंचाईत तीच आहे. चुकीचं असतं तर सोपं होतं. मी स्वतः दोन रविवार जाऊन बसलो. कीर्तनकाराचं पोट म्हणजे रोज नव्या घरचं जेवण — मला गुण आला!

आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं. वर्ग संपताना छातीवर हात ठेवून म्हणायचे, “अकरा वर्षं झाली. आमच्या घरात गोळी नाही!”

टाळ्या!

पण मंडळी, गोळीवाचून घर चालतं कसं? कुणाच्या जिवावर? त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई. वय अठ्ठेचाळीस. शिशुवर्गात शिकवतात. पहाटे यांचं जिऱ्याचं पाणी. आठला भिजवलेले मूग. डब्यात नाचणीची भाकरी. आणि संध्याकाळी गरम फुलके — गरमच, कारण गार अन्नानं अग्नी मंदावतो! आता हिशेब तुम्हीच करा. बत्तीस वेळा चावायचं, तर एका जेवणाला पाऊण तास. मग पाऊण तास एकेक गरम फुलका पुरवायला कुणीतरी तव्यापाशी उभं पाहिजे ना?

हे डोळे मिटून शांत चित्तानं चावतायत. ती तव्यापाशी. मान, पाठ घामानं चिंब. मग उरलेलं चार मिनिटांत, ओट्याला टेकून, उभ्यानंच. शिक्षकांच्या घरात हा पाठ कुणी घेतलाच नाही.

एकदा ती म्हणाली, “अहो, मला मधेच एकदम आग होते अंगाची. रात्री झोप नाही लागत.”

डोळे न उघडता बोट वर केलं. जेवताना बोलायचं नाही! घास गिळून झाल्यावर म्हणाले, “पित्त आहे. शीतली प्राणायाम कर.”

“आणि पंधरा-पंधरा दिवस अंगावर जातंय. थांबतच नाही.”

“ताण घेतेस तू. शाळेतली पोरं घरी आणतेस डोक्यातून.”

हे बोलणं सोमवारचं. आदल्या दिवशी रविवार होता, मंडळी. पाठ होता सातवा!

हसू नका. हसू नका, कारण पुढचं सांगताना मलाच जड जातंय.

उपळेकरांच्या घरी सोवळं कडक. गौरी, नवरात्र, दत्तजयंती, वर्गाच्या वाढदिवसाचा सत्यनारायण. वर्षात चार वेळा घर कसं लखलखीत! आणि ऐन त्या दिवशी घरातल्या बाईची अडचण आली तर? पूजेला जोडप्यानं बसायचं. नैवेद्य तिच्याच हातचा.

मग हे गृहस्थ काय करायचे? स्कूटर काढायचे. गावातल्या औषधाच्या दुकानात नाही हं — तिथे विद्यार्थी भेटतील! नऊ किलोमीटरवरच्या गावी जायचे. दुकानात गर्दी असली तर बाहेर उभे राहायचे. गर्दी सरली की काउंटरवर वाकून हळूच — “ती... पुढे ढकलायची द्या.”

दुकानदार वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून द्यायचा. ती पट्टी घरी येऊन फ्रिजवर जायची. तिला एक शब्द नाही. ती बघायची, पाण्याबरोबर घ्यायची. बावीस वर्षं, मंडळी! निसर्गोपचाराच्या आधी अकरा आणि नंतर अकरा!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, ही गोळी नव्हे काय? साध्या जळजळीची गोळी उकिरड्यावर फेकणारा माणूस! बामची बाटलीसुद्धा ज्यानं रसायन म्हणून घराबाहेर काढली! त्याच्या हिशेबात ही गोळी नव्हती? नव्हती. खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या लेखी ते पूजेचं सामान होतं. हळद, कुंकू, नारळ, कापूर — आणि ते.

पुढे काय झालं? दत्तमंदिराचं शिखर नव्यानं बांधलं. कलशारोहण ठरलं, आणि यजमान कोण? उपळेकर सपत्नीक! पत्रिकेत नाव छापलं. स्कूटर नऊ किलोमीटर जाऊन आली. फ्रिजवर पुडी पडली.

आणि दोन दिवस आधी, शाळेच्या तीन पायऱ्या चढताना वैजयंतीबाईंना भोवळ आली. तीनच पायऱ्या! बरोबरच्या बाईंनी रिक्षात घालून थेट डॉक्टर मोहोळकरबाईंकडे नेलं. निरोप आला तसे उपळेकर धावत गेले. धावले हो, ते नाकारत नाही मी.

डॉक्टरीण बाई मोजकं बोलणाऱ्या. कागद पुढे ओढला. “रक्त सहा आहे. बारा हवं. कुठली औषधं चालू आहेत?”

वैजयंतीबाई काही बोलायच्या आत हे ताठ झाले. सवयीनं हात छातीवर गेला. “डॉक्टर, अकरा वर्षं झाली. आमच्या घरात गोळी नाही.”

“घेते मी एक,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“तू? कोणती?” हे चकित! खरोखर चकित, मंडळी! “कुणी दिली?”

“तुम्हीच आणता की.”

एवढंच. आवाज चढवला नाही. पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर कसल्यातरी सवलतीच्या सेलची जाहिरात होती.

डॉक्टरांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली. “किती वेळा?”

“वर्षातून चारदा. कधी पाचदा. बावीस वर्षं.”

“कुणी तपासून दिली होती?”

वैजयंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “सगळं या गोळीनंच झालं असं मी म्हणणार नाही. पण या वयात रक्त असं जातं तेव्हा शरीर काहीतरी सांगत असतं. दर वेळी तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. गर्भपिशवीचं अस्तर जाड झालंय. आजच दाखल करून रक्त चढवू. उद्या तुकडा काढून तपासायला पाठवते.”

आणि मंडळी, आता त्या माणसानं जे विचारलं, ते मी तुम्हाला सांगू नये असं मला वाटतं. पण आख्यान लावलंय, तर सांगतो. ते म्हणाले —

“डॉक्टर, परवा कलशारोहण आहे. आम्हीच यजमान. तेवढे चार दिवस... पुढे ढकलता येईल का?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काय पुढे ढकलायचं? तपासणी, की पाळी?”

उपळेकरांना खरंच कळेना, आपल्याला काय म्हणायचं होतं ते!

तेव्हा वैजयंतीबाई बोलल्या. भिंतीकडे बघत. “मला भीती वाटतीय हो. आई याच वयात गेली. पिशवीच्या कॅन्सरनं.”

“मला... मला ठाऊक नव्हतं.”

“तुम्ही आला होतात. खांदा दिलात. कशानं गेली ते विचारलं नाहीत.”

सातवा पाठ शिकवणारा माणूस! फळ्यावर आकृती काढणारा! शेजारच्या खुर्चीवर सव्वीस वर्षं बसलेल्या बाईच्या पोटात काय भीती आहे, ते त्याला त्या दिवशी परक्या टेबलावर कळलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं त्यांना. जमीन घेत नाही. तिथे फरशी होती.

तिला दाखल केलं, आणि हे गेले गुंडोपंत गुरुजींकडे. गुरुजी ओसरीवर दर्भाच्या जुड्या बांधत बसलेले. उपळेकर उंबऱ्याबाहेरच उभे. “गुरुजी, यजमानपद दुसऱ्या कुणाला द्या. मंडळी दवाखान्यात आहे. जोडप्याशिवाय चालायचं नाही.”

“न चालायला काय झालं?” गुरुजी मान वर न करता म्हणाले. “कमरेला सुपारी लावा आणि बसा. पत्नीच्या जागी सुपारी. नेहमीचंच आहे. कुणाची बायको बाळंतीण असते, कुणाची परगावी, कुणाची आजारी.”

“आणि... अडचण असली तर?”

“तरी सुपारीच. त्यात काय?”

“म्हणजे बावीस वर्षं—” उपळेकरांनी चौकट धरली. “बावीस वर्षं सुपारी चालली असती?”

“चालली असती की! सोय पहिल्यापासून आहे.” आता कुठे गुरुजींनी वर पाहिलं. “तुम्ही विचारलं नाहीत.”

ऐकलंत, मंडळी? एका बाईनं बावीस वर्षं आपलं शरीर रोखून धरलं — आणि तिचं काम एका सुपारीनं भागत होतं! देवाला चालत होतं. गुरुजींना चालत होतं. मग चालत कुणाला नव्हतं?

ठरल्या दिवशी कलश चढला. यजमान दुसरेच होते. उपळेकर दवाखान्यात, स्टुलावर. वर रक्ताची पिशवी, थेंब थेंब पडतोय. मग त्यांनी विचारलं, “कधीपासून होतंय तुला?”

तिनं आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं. वर्ग आहे की प्रश्न आहे, ते ठरवत असावी. मग बोलायला लागली. तीन वर्षांचं साठलेलं. शाळेत साडीला डाग पडला तो दिवस. मुलीशी फोनवर उगाच तडकली ते. रात्री गॅलरीत जाऊन फरशीवर पाय टेकून बसायची ते — गार लागतं म्हणून. या माणसाच्या ओठावर तीनदा आलं, कोमट पाणी घे! तीनदा गिळलं. त्यांच्या सबंध साधनेत, माझ्या मते, तेवढाच खरा संयम.

आठ दिवसांनी अहवाल आला. तो आजार नव्हता. उपचार सुरू झाले. डॉक्टर म्हणाल्या, अजून सहा महिने गेले असते तर मी काही सांगू शकले नसते.

आता तुम्हाला हवंय, की तिनं माफ केलं, दोघं हसली, टाळ्या! मी भेटायला गेलो होतो. हळूच विचारलंही. वैजयंतीबाई म्हणाल्या, “बुवा, आधी रक्त भरून येऊ दे. बाकीचं मग बघू.” उपळेकर आत वरणाला फोडणी देत होते. करपल्याचा वास येत होता. त्या उठल्या नाहीत.

आणि मी? मी कोण हसणार? त्या घरचा सत्यनारायणाचा शिरा मी अकरा वर्षं खाल्लाय. मागून मागून! ‘वहिनी, हाताला काय चव आहे!’ म्हणून तोंडभर आशीर्वाद दिलाय. ती चव कशी वेळेवर हजर असते, एकदाही विचारलं नाही. पाट मलाच मांडलेला असायचा ना!

तर मंडळी, आहार सांभाळा, श्वास सांभाळा, मन शांत ठेवा, सगळं खरं आहे. पण ते एकट्याच्या ताटापुरतं केलंत तर त्याला आरोग्य म्हणू नका. आज घरी जाऊन तिला विचारा, काय होतंय? आणि तिनं सांगितलं की उपाय सांगू नका. ऐका. मग तिला डॉक्टरकडे न्या.

एक शेवटचं. आज काला आहे. सात दिवस सप्ताह चाललाय. या मंडपात यायला मिळावं, प्रसादाला हात लागावा, म्हणून कुणी माउली ती गोळी घेऊन आलीय का?

नको! हात वर करू नका, बायांनो. नवऱ्यांनी शेजारी बघू नका. मला उत्तर नको आहे. सव्वीस वर्षं कीर्तन करतोय, आणि हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारतोय. उत्तर ऐकायची माझी लायकी नाही.

...

बाबूकाका, सूर थांबवा. जयजयकार नंतर करू. स्वयंपाकघरात पहाटेपासून ज्या उभ्या आहेत त्यांना बाहेर बोलवा. पहिली पंगत त्यांची. पुरुष मंडळी, पत्रावळ्या मांडायला उठा.

कुणी उठतंय का?

घाई नाही. मी उभाच आहे.