खाडीच्या राखणदाराला गाऱ्हाणं

खोटं वाटेल, पण बहरीनमधला एक रस्ता आम्ही एका नारळावर वळवलाय. आखातातलं युद्ध नुकतंच संपलं होतं. रस्ता राखीव खाडीतून, फ्लेमिंगोंच्या तिवरांमधून जाणार होता आणि खुंट्या आम्ही कोकणातल्यांनी ठोकायच्या होत्या. हात धजेना; कोकणात जागा राखणाऱ्या देवाला विचारल्याशिवाय कोणी खुंटी ठोकत नाही.

आखणी करणाऱ्या पुण्याच्या जोशीसाहेबांना मी म्हणालो, “आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालू द्या.”

“इथे कसला राखणदार?”

“खाडी तिथे राखणदार, साहेब.”

नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडचेच मुकादम दाऊदभाई डोळे मिटून म्हणाले, “राखणदार नाही म्हणतो.”

“दाऊद, तू तर पाच वेळचा नमाजी!”

“राखणदार गावाचा असतो साहेब, धर्म विचारत नाही.”

साहेबांनी पक्ष्यांकडे बघितलं आणि नकाशावर नवी रेघ ओढली. मग रस्ता खाडीला वळसा घालून गेला. अहवालात साहेबांनी कारण लिहिलं, ‘जागेच्या जुन्या मालकाची हरकत.’