माशीचं सोंग घेणारं फूल

कोरेगावात मोटारीच्या रांगेत राहीबाई उभी होती. तिच्या पुढं नुकताच इटलीच्या लढाईवरनं परतलेला हंबीरराव आपल्या पुतण्याला, गुंडाला, सांगत होता.

“तिथल्या माळावर एक फूल हाय. दिसाय मधमाशीच्या मादीवाणी. लव तशीच, वासबी तसाच.”

“मग?”

“नर येतो आन बायको समजून बिलगतो.”

“मध तरी मिळतो का?”

“थेंबबी न्हाई. डोक्याला परागाच्या गोळ्या चिकटत्यात. तसाच जाऊन दुसऱ्या फुलाला बिलगतो, तवा तिथं बी धरतं.”

“म्हंजी परत फसतो?”

“फसतो की.”

“आवं काका, मी पोरगी बघाय चाललोय. आन अंगात कोट तुमचा, बिल्लेबी तुमचे.”

“गप उभा ऱ्हा.”

“मी कवा गेलतो लढाईवर?”

गुंडानं कोट काढून काकाच्या हातात दिला.

“असाच बरा दिसतोस, लेकरा,” राहीबाई म्हणाली.