नव्या कॅमवर जुने रॉकर

मी मूळचा कुहीकडचा, घरी धानाची शेती, पण मले लहानपणापासून इंजिनाचाच नाद, म्हणून शहरात, लकडगंजात गॅरेजवर आलो अन् इथंच म्हातारा झालो. काय सांगू तुम्हाले, कॅमशाफ्ट म्हणजे एक दांडा राह्यते, त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे, दांडा फिरला का उंचवटा रॉकरले, म्हणजे वरच्या छोट्या पट्टीले दाबते, अन् रॉकर वॉल, म्हणजे इंजिनाची झडप उघडते, बस. आधीच्या गाड्यांत हा दांडा खाली राहे, मंग वर आला, आता तर वर दोन-दोन राह्यतात, पण घासणं काही सुटलं नाई कोणाचं. अन् घासलेली जागा दिसते कशी, तर चकचकीत! माणूस तिथंच फसते. नख फिरवून खाच लागते का पाहा लागते.

मी काही नवीन नव्हतो, तरी फसलो. गावचा माझा दोस्त श्यामराव, त्याची टॅक्सी त्याचा पोट्टा विनोद चालवे. कॅम घासला होता, मी नवा टाकला अन् रॉकर जुनेच बसवले, काहून का मस्त चमकून राहिले होते, नख फिरवलंच नाई. महिनाभरात गाडी पुन्हा टकटक कराले लागली, उघडून पाहतो तर जुन्या रॉकरनं नवा कॅम खाऊन टाकलेला. श्यामराव समोर उभा, म्हणे काहून झालं गा असं? अन् माझ्या तोंडून निघून गेलं, पोट्ट्यानं ऑइल वेळेवर बदलवलं नसन. विनोद म्हणे बदलवलं बाबा, खरंच बदलवलं. श्यामरावनं चारचौघांत त्याच्या हातून चाबी घेतली. पोट्टा पुण्याले निघून गेला, दोन वर्षं बापाशी बोलला नाई.

मले लाज वाटे. बायको म्हणे, सांगून टाका ना जी. शेवटी या पोळ्याले गेलो कुहीले, श्यामरावले म्हटलं, चूक माझी होती, पोट्ट्याची नाई. त्यानं विनोदले फोन लावला अन् माझ्या हातात दिला, म्हणे त्याले सांग. मी सांगितलं. विनोद म्हणे, काका, मले तवाच माहीत होतं, तुम्ही जुने रॉकर बसवले तं मी पाहून राहिलो होतो. मी म्हटलं, मंग बोलला काहून नाई रे? तर म्हणे, बाबा माझ्यावर विश्वास ठेवतीन असं वाटलं होतं.

श्यामराव बाजूलेच बसून होता, त्याले सगळं ऐकू गेलं.

आता बापलेक बोलतात, हो-नाई एवढंच. श्यामराव गाडी दुसऱ्याकडे नेते, बरोबर आहे त्याचं, मले राग नाई. पोट्टा एक डाव घरी येऊन बापाशेजारी बसून जेवो, एवढंच मागतो देवाले. मले माफ नाई केलं तरी चालन.