लोकर बांधलेली झाडं

(सोलापूर, एप्रिल १९७६. पोस्टाची पायरी, दुपारचे साडेतीन. निवृत्त शिक्षक बसलिंगप्पा आणि शेरडं-मेंढरं राखणारी मायाक्का.)

मायाक्का : पुण्याच्या जंगल खात्याच्या सायबाचं पत्र येऊन तीन म्हयनं झालं म्हणता, आन् अजून उत्तर न्हाय?

बसलिंगप्पा : चार वेळा लिहिलं. चारही वेळा फाडलं.

मायाक्का : आज मंगळवार. येत्या सोमवारी तळ्यातल्या बेटावर कुऱ्हाड पडती. ठेकेदाराची माणसं काल होडी बघून गेली. पिल्लांना अजून पंख न्हाईत.

बसलिंगप्पा : माहीत आहे हो. साहेबांनी एवढंच विचारलं होतं, बेटावर चित्रबलाक घरटी करतात का? नक्की असेल तर कळवा, तोड थांबवतो. त्या ‘नक्की’पाशी माझा हात अडतो.

मायाक्का : म्हंजी आपलं गुलाबी शेपटीचं करकोचंच न्हवं? मग दुर्बीण लावून चार वरसं काय बघत हुता?

बसलिंगप्पा : तेच तर. घरट्यांच्या झाडांना काळी लोकर दिसते. मी वहीत लिहिलं, हे पक्षी घरट्यासाठी लोकर आणतात. पुस्तकं म्हणतात, काटक्या आणतात. मग वाटलं, लोकर चुकली तर पक्षीही चुकले असतील. म्हाताऱ्याचे डोळे.

मायाक्का : लोकर फांदीवर दिसती, का बुंध्याला?

बसलिंगप्पा : बुंध्याला. कमरेएवढ्या उंचीवर.

मायाक्का : अवो मास्तर! करकोचा बुंध्याला गाठ मारतो व्हय?

बसलिंगप्पा : गाठ?

मायाक्का : आमी बांधतो ती. पाणी उतरलं की शेरडं होडीत घालून बेटावर नेतो. ज्या बाभळीवर घरटं, तिला लोकर. पिल्लं उडंस्तवर तिचा पाला तोडायचा न्हाय. बहात्तरच्या दुष्काळात माझी नऊ शेरडं मेली, पर त्या झाडांना कुणी हात लावला न्हाय.

बसलिंगप्पा : म्हणजे... पक्षी बरोबर होते.

मायाक्का : पक्षी बरूबर, तुमीच येडं. लिवा आता. चारला पेटी उघडत्यात.

बसलिंगप्पा : झाडं किती?

मायाक्का : एकेचाळीस. औंदा म्याच बांधली लोकर.

बसलिंगप्पा : ‘घरटी नक्की आहेत. एकेचाळीस झाडांना लोकर बांधलेली आहे.’ तुमचं नाव घालू?

मायाक्का : घाला की. त्येला वाटंल, कोण ही बया!

बसलिंगप्पा : ‘लोकरीबद्दल माझा समज चुकीचा होता.’

मायाक्का : ते कशाला त्येला?

बसलिंगप्पा : असू दे. तेवढं लिहिलं की बाकीचं लिहवतं.

मायाक्का : पोस्टमन आला किल्ल्या घिऊन. उठा, उठा!

बसलिंगप्पा : पुन्हा एकदा वाचून...

मायाक्का : मास्तर!

बसलिंगप्पा : हो, हो. चिकटवलं.

मायाक्का : टाकलं?

बसलिंगप्पा : टाकलं.

मायाक्का : मग हात भायेर काढा की. त्येला पेटी उघडायचीय.