उंबरठ्यावरची पाच बोटं

माझे जर्मन सासरे जन्मात कधी खोटं बोललेले नाहीत. मी केलेल्या पुरणपोळीलासुद्धा त्यांनी तोंडावर "कोरडी आहे" म्हटलं होतं. हे आधी सांगून ठेवते.

तर स्टुटगार्टपासून तासाभरावर त्यांच्या पणजोबांचं लाकडी ओंडक्यांचं घर आहे. ते घर ते स्वतःच्या हाताने दुरुस्त करतायत. एक खिळासुद्धा नवीन मारू देत नाहीत. आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईने काय केलं? कोणाला न विचारता उंबरठ्यावर हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं ओढली! सासऱ्यांनी वाकून ती पाहिली आणि तशीच ठेवली.

पुढच्याच आठवड्यात अमेरिकेहून कॅरल आली. पणजोबांचा भाऊ तिकडे गेला होता, त्याची ही खापरपणती. त्याने तिकडे बांधलेली तसलीच केबिन ती दुरुस्त करत होती. उंबरठा बघून ती खालीच बसली.

"काका, ही आपल्या घराची रीत आहे का?"

सासऱ्यांनी तिच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गेनाऊ," म्हणाले, "अगदी बरोबर. जुनी रीत आहे."

आणि कानापर्यंत लाल झाले.

परवा कॅरलचा फोटो आला. अमेरिकेतल्या केबिनच्या उंबरठ्यावर पाच लाल बोटं, त्यांच्यावर पाच पिवळी. चक्क ऑइल पेंटने!

मी तो आईला पाठवला. लगेच तिचा फोन.

"छान केलंय गं पोरीने. फक्त तिला सांग, हळद आधी लावायची असते."