समुद्र दिसणारी खोली

कोकणात राहायला झकास जागा हवी ना? मग आमच्या हिला विचारा. महिनाभर मोबाईल घासून हिने दाभोळजवळचं एक घरगुती लॉज निवडलं, कारण फोटोत खोलीसमोर समुद्र होता. पोचलो, मोठ्या थाटात खिडकी उघडली, तर समोर गोठा. म्हैससुद्धा आमच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती.

मी मालकांना विचारलं, "काका, फोटोतला समुद्र कुठाय?"

काका शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "फोटो खराच आहे, पावणे. नारळ पाडायला गडी चढलेला, त्याने माडावरून काढला."

"मग आम्ही समुद्र बघायचा कसा?"

"सकाळी येईल तो गडी. पायांना दोरी बांधून चढवेल तुम्हाला."

आता ही भांडेल म्हणून मी आशेने वळलो. हिने आधी माडाकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे.

"काका," ही म्हणाली, "दोरी जाड आहे ना?"